छत्तीस मजले आणि एक चुन्याची डबी

गेल्या वर्षी मी महिन्याला आठ-नऊशे मजले चढत होतो. आमचं घर बैठं आहे आणि माझं ऑफिसही बैठंच.

ज्यांना हे गणित जुळत नाही त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. मी स्वतः चढत असूनही मला ते जुळायला तीन आठवडे लागले. तोवर माझी कीर्ती निपाणीहून बेळगावपर्यंत आणि तिथून थेट बेंगळूरपर्यंत पोचली होती, आणि कीर्ती एकदा गेली की तिला माघारी बोलावता येत नाही.

मूळ सांगतो. मी राहायला निपाणीत आणि नोकरीला बेळगावात. बावीस वर्षं रोजची बस. मागच्या पावसाळ्यात जरा दम लागायला लागला म्हणून बायको मला डॉक्टरांकडे घेऊन गेली (मी गेलो असं लिहायला आवडलं असतं, पण खरं लिहायचं ठरवलंय). डॉक्टरांनी रक्त काढलं, छाती ऐकली आणि दोन गोष्टी सांगितल्या. तंबाखू आजपासून बंद, आणि रोज जिने चढा. मंगलनं, म्हणजे बायकोनं, तिथल्या तिथं माझ्याकडून शपथ घेतली. तीही साधीसुधी नाही, आक्काची! आक्का म्हणजे माझी आई. तिचे धाकटे भाऊ तिला आक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही आक्काच म्हणतो. ती बिचारी घरी शेंगा फोडत बसली होती आणि इकडे दवाखान्यात तिचा गळा तारण पडला.

निपाणीच्या माणसाला तंबाखू सोड म्हणणं डॉक्टरांना सोपं आहे. आमच्या गावात पोर शिंकलं तरी सर्दीचं नाव कुणी आधी घेत नाही. वारा तंबाखूच्या वखारीकडनं आला असेल म्हणतात. पण शपथ ती शपथ. मी तंबाखू सोडली. घरात सोडली, गल्लीत सोडली, ऑफिसात तर पहिल्यापासून चोरूनच खात होतो, तिथंही सोडली. राहता राहिला तवंदीचा घाट.

बसनं निपाणी सोडली की थोड्याच वेळात घाट लागतो. ड्रायव्हर गियर बदलतो, गाडी कण्हते आणि माझा उजवा हात आपोआप सदऱ्याच्या आतल्या खिशाकडे जातो. बावीस वर्षांची सवय! डाव्या तळव्यावर चिमूटभर तंबाखू, नखावर चुना, मग अंगठ्यानं निवांत मळायचं, दोन थापा मारून फकी उडवायची, परत मळायचं. घाट संपता संपता बार भरायचा. घाटात ना मंगल असते, ना डॉक्टर, ना आक्का. शपथेला हद्द असते अशी मी स्वतःची समजूत घातली होती, आणि ती हद्द गावाच्या वेशीला संपत होती.

दसऱ्याला बेंगळूरहून माझी मुलगी श्वेता आली. तिनं माझ्या डाव्या मनगटाला एक काळं घड्याळ बांधलं. ते वेळही दाखवत होतं, पण ते त्याचं दुय्यम काम. पावलं, ठोके, झोप आणि किती मजले चढलो, सगळं मोजून ते तिच्या मोबाइलवर पाठवणार होतं. तसंच एक घड्याळ तिनं आमच्या दाजींना दिलं. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे, सुमनचे, यजमान. ते बेळगावजवळ पिरनवाडीला तिसऱ्या मजल्यावर राहतात. तिथली लिफ्ट बंद पडून दोन वर्षं झाली आणि ती कुणी दुरुस्त करायची यावर रहिवाशांच्या अजून बैठका चालू आहेत. त्यामुळे दाजी पाण्याचे कॅन, भाजी आणि स्वतः, असे दिवसातून चार वेळा वर जातात.

पहिल्या सोमवारी संध्याकाळी श्वेताचा फोन आला. दाजींचे सात मजले झाले होते. माझे छत्तीस.

आता, त्याच क्षणी एखादा सरळ माणूस म्हणाला असता, बाळा, काहीतरी चुकतंय. मीही तसंच म्हणणार होतो. पण पलीकडून पोरगी इतक्या आनंदानं 'पप्पा, यू आर ग्रेट' म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा दाजींपेक्षा मी कशात तरी पुढं होतो. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "व्हतंय तेवढं करतोय गं." घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो हेही कबूल करतो.

मंगळवारी पस्तीस. बुधवारी अडतीस. मंगल मला डब्यात चपाती एक जास्त द्यायला लागली. शेजारचे दोघं-तिघं भेटले की माझ्या पोटऱ्यांकडे बघायचे. रविवारी मात्र घड्याळ शून्य दाखवायचं, त्यावर मी आठवड्यातून एक दिवस स्नायूंना विश्रांती द्यावी लागते असं सांगून वेळ मारून नेली. हे वाक्य मला कुठून सुचलं कोण जाणे, पण गल्लीत ते बरंच चाललं.

तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी आमच्या कोपऱ्यावरची पानपट्टी बंद होती. खिसा रिकामा. घाटभर मी खिडकीतून नुसता डोंगर बघत गेलो आणि त्या संध्याकाळी घड्याळानं दोन मजले दाखवले. मंगळवारी पानपट्टी उघडली आणि घड्याळ परत छत्तीसवर गेलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

घड्याळाच्या पोटात हवेचा दाब ओळखणारं काहीतरी असतं. माणूस वर चढला की हवा विरळ होते, आणि घड्याळाला उंची कळते. पण नुसता बसून वर जाणारा माणूस गाडीत असणार, एवढी अक्कल त्याला आहे. म्हणून ते हाताची हालचालही बघतं. आता माझा डावा हात! घाटभर त्याच्यावर अंगठा चालतोय, मधे मधे थापा पडताहेत, वर बसचे हिसके. घड्याळाला वाटलं, हा मर्द गडी जिना चढतोय. घाट उंची देत होता आणि तंबाखू पावलं देत होती. असे आम्ही तिघं मिळून रोज छत्तीस मजले चढत होतो.

घड्याळ चुकतंय हे सांगायला माझी ना नव्हती. पण का चुकतंय हे सांगितल्याशिवाय ते कोण मानणार? आणि कारण सांगितलं की शपथ उघडी पडणार. मी गप्प बसलो. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही.

दाजी मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. ते रोज खरोखर चढत होते, आणि त्यांच्या दोन्ही हातांत कॅन असल्यामुळे घड्याळ त्यांच्या निम्म्या खेपा धरतच नव्हतं. एके दिवशी ते थेट माझ्या ऑफिसात आले. खुर्चीत टेकले, छताकडे बघितलं, बाहेर जाऊन पत्र्याकडे बघितलं आणि परत येऊन शांतपणे विचारलं, "पावणं, तुमच्या ऑफिसला माडी कुठाय?"

मी म्हणालो, शेजारच्या इमारतीत चढतो. जेवणाच्या सुट्टीत. त्यावर त्यांनी घड्याळात बघितलं. नेमकी जेवणाची सुट्टीच झाली होती. मग आम्ही दोघं शेजारच्या तीन मजली इमारतीत गेलो. दुसऱ्या मजल्यावर मला दिवसाउजेडी चांदण्या दिसल्या. तिसऱ्यावर एका शिकवणीच्या बाकावर मी बसलो ते उठेना. दाजी भिंतीला टेकून माझ्याकडे बघत उभे होते. मी खुणेनंच सांगितलं की आज उपास आहे. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो शाबासकीचा नव्हता.

तरीही प्रकरण इथवर थांबलं असतं. पण एका संध्याकाळी श्वेतानं व्हिडिओ कॉलवर आक्काला माझे मजले सांगितले, आणि आक्कानं विचारलं की एका मजल्याला पायऱ्या किती. श्वेता म्हणाली, धर सोळा.

आक्कानं तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत पाला निवडला. शाळा तिसरी, पण हिशेब बोटांच्या पेरांवर. तिनं डोळे मिटले, अंगठा पेरांवरून फिरवला आणि डोळे उघडले.

"आमच्या देवीच्या पायऱ्या एकशेसाठ," ती म्हणाली. "म्हंजी माझा ल्योक रोज साडेतीन येळा देवीला जाऊन येतोय."

आमच्या मूळ गावाजवळ डोंगरावर आमची देवी आहे. वर गाडी जात नाही. पूर्वी डोलीवाले होते. आता ते सगळे कारखान्यात कामाला लागले. माघातल्या पौर्णिमेला देवीची ओटी घरातल्या थोरल्या बाईनं स्वतःच्या हातानं भरायची ही आमची रीत. आक्कानं ती चाळीस वर्षं चुकवली नाही. मग गुडघे गेले. तीन वर्षं ती सुमनकडे ओटी देऊन उंबऱ्यात उभी राहायची, आणि सुमन परत आली की विचारायची, मधल्या टप्प्यावरचा चाफा हाय काय गं? घंटेचा आवाज अजून फुटकाच येतोय न्हवं? मला हे ऐकवायचं नाही. मी तेवढ्यापुरता बाहेर जायचो.

तुळशीच्या लग्नाला सगळी जेवायला बसलेली असताना तिनं जाहीर करून टाकलं. "औंदा ओटी मी भरणार. बाळू मला पाठीवरनं नेतोय."

बाळू म्हणजे मी. मी उचललेला घास परत ताटात ठेवला. दाजींनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि तो सरकवताना त्यांच्या मिशीचं एक टोक किंचित वर गेलेलं मी बघितलं.

त्या दिवसापासून मी सुटकेचे मार्ग शोधायला लागलो. पहिला मार्ग सोपा होता: मजले कमी करायचे. मी तंबाखू घाटात मळायचं सोडून संकेश्वर गेल्यावर, सपाट रस्त्यावर मळायला सुरुवात केली. मजले तीनवर आले. वाटलं, आता घरचे म्हणतील, जमत नाही बिचाऱ्याला, राहू दे. घरचे म्हणाले काहीच नाही. पण चौथ्या दिवशी मी घरी आलो तर आक्का खाटेवर बसून देवीसाठी काढलेलं हिरवं लुगडं घडी घालून ट्रंकेत परत ठेवत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "दमलास व्हय रं? ऱ्हाऊ दे मग. सुमी हाय की न्यायला." आणि ट्रंकेची कडी लावून ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी घाट लागल्याबरोबर मी अशी तंबाखू मळली, अशी मळली की शेजारचा प्रवासी सरकून बसला. कंडक्टर 'मुंद होग्री, मुंद होग्री' म्हणत सगळ्यांना पुढं रेटत आला, त्यानंही क्षणभर थांबून माझ्या तळव्याकडे बघितलं. संध्याकाळी एक्केचाळीस मजले! आक्कानं ट्रंक उघडली. आईसाठी लोक काय काय करतात. आईसाठी तिचीच शपथ मोडून तंबाखू मळणारा मुलगा पंचक्रोशीत मीच असेन.

दुसरा मार्ग म्हणजे खरोखर ताकद कमावणं. पौर्णिमेला पंधरा दिवस राहिले तेव्हा मी ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन आमच्या दारच्या तीन पायऱ्या चढायला-उतरायला लागलो. पहिल्याच दिवशी समोरच्या मावशींनी विचारलं, "बाळासाब, गिरन बंद हाय व्हय आज?" दुसऱ्या दिवशीही तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी कंबरेत उसण भरली आणि पोतं जिथं होतं तिथं परत गेलं. तिसरा मार्ग म्हणजे खरं सांगणं. तो मी राखून ठेवला होता, इतका राखून की पौर्णिमा उजाडेपर्यंत वापरलाच नाही.

पौर्णिमा आली. टेम्पोतून आम्ही डोंगराच्या पायथ्याशी उतरलो. आक्कानं ते हिरवं लुगडं मांडीवर धरलं होतं, तिनं वाटेत कुणाला हात लावू दिला नव्हता. मंगलनं माझ्या मनगटावरचं घड्याळ नीट करून दिलं. श्वेता खास रजा काढून आली होती आणि मोबाइल घेऊन पुढं पाच पायऱ्या चढून उभी राहिली. दाजी मागं होते, सुमन ओटीचं ताट घेऊन त्यांच्याबरोबर. मी खाली वाकलो, आक्का पाठंगुळी बसली, मंगलनं एका चादरीनं तिला माझ्या अंगाला बांधलं. सगळ्यांनी देवीच्या नावानं चांगभलं केलं आणि मी निघालो.

दहा पायऱ्या मी चढलो त्या लाजेच्या जोरावर. पंधरापर्यंत देवीच्या. अठराव्या पायरीला कानात शिट्टी वाजायला लागली. बाविसाव्या पायरीला मी श्वेताला फोटो काढायला सांगून थांबलो. पंचविसाव्याला परत काढायला सांगितलं. आक्काचं वजन असेल चाळीस-बेचाळीस किलो, आयुष्यभर तिनं तेवढंच खाल्लं. पण प्रत्येक पायरीला तिच्यात कुणीतरी शेरभर धान्य ओतत होतं. तिसाव्या पायरीवर माझे गुडघे एकमेकांशी काहीतरी बोलले. एकतिसाव्या पायरीला पहिला टप्पा आहे, तिथला दगडी कट्टा मी दोन्ही डोळ्यांनी धरून ठेवला होता. मी तिथं पोचलो आणि पाय सोडून बसलो. आक्कासकट.

श्वेता थोडी पुढं गेली होती आणि बाकीची मंडळी अजून चार पायऱ्या खाली होती. तेवढ्यात माझ्या कानाशी आक्काचा आवाज आला.

"बाळू, घाटात बार भरतोस न्हवं अजून?"

माझा श्वास आधीच बंद होता, तो आणखी बंद झाला.

"तीस वरसं पाला निवडलाय मी. तुझ्या सदऱ्याच्या घडीला वास येतोय, त्यो कुठल्या वखारीचा ह्ये बी सांगंन. घड्याळ यायच्या आदीपास्नं ठावं हाय मला."

मी कसंबसं विचारलं, "मग बोलली न्हाईस का आक्का?"

"तंबाखूचं खोटं बोललास ते मी सोडून दिल्तं. मजल्याचं खरं धरलं मी."

खूप लोक मला खूप काही बोललेले आहेत. साहेबांनी फायली अंगावर टाकल्या आहेत, मंगलनं दोनदा माहेरची वाट धरली आहे. पण त्या एका वाक्यानं मला जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती. चादरीची गाठ सोडून मी तिला कट्ट्यावर बसवलं आणि सगळी जवळ येताच, आपण होऊन, सगळं सांगून टाकलं. घाट, तळवा, अंगठा, थापा, एक्केचाळीस मजले. मंगलनं कपाळाला हात लावला. श्वेताचा मोबाइल चालूच होता, त्यामुळे माझा कबुलीजबाब आजही घरात जपून ठेवलेला आहे आणि पाहुणे आले की दाखवला जातो.

आक्का वरच्या पायऱ्यांकडे बघत होती. एकशेएकोणतीस उरल्या होत्या, तिला आकडा माहीत होता. मग तिनं लुगड्याची घडी सुमनच्या हातात दिली. "जा गं तू. मी हितं बसतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. आवाजात तक्रार नव्हती, तेच मला सोसवेना. मी उठायला गेलो तर पाय आले नाहीत.

तेव्हा दाजींनी चपला काढल्या आणि ते आक्काच्या पुढ्यात पाठ करून उकिडवे बसले.

आमच्यात जावई म्हणजे केवढी गोष्ट! आक्का गेली वीस वर्षं दाजींच्या समोर खाटेवर बसलेली नाही. ते आले की डोईवरचा पदर पुढं ओढते, ताट आधी त्यांचं वाढते. त्यांच्या पाठीला पाय लावून बसायचं? तिनं पदर एवढा पुढं ओढला की तोंड दिसेना.

"नगं जावईबापू. जावयाच्या पाठीवर सासू बसलेली कुनी बघितली न्हाय."

"मामी," दाजी पाठमोरेच म्हणाले, "मी रोज पान्याचं दोन कॅन तिसऱ्या मजल्यावर न्हेतो. त्यास्नीबी कुनी बघत न्हाय, घड्याळसुदिक. बसा."

आक्कानं त्यांच्या पाठीला हात लावून आधी नमस्कार केला आणि मग बसली. डोक्यावरचा पदर मात्र तिनं दातात धरला होता, तो वर पोचेपर्यंत सोडला नाही.

दाजी दोनदा थांबले. मी नऊ वेळा थांबलो, आणि माझ्याकडे ओझं म्हणून ओटीचं ताट आणि दाजींच्या चपला होत्या. मधल्या टप्प्यावर चाफा होता. त्याला दोन फुलं होती. आक्कानं पाठीवरूनच हात लांब करून एक तोडलं.

वर तिनं ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण आणि लुगडं. देवीच्या पायाला कपाळ लावून ती बराच वेळ उठली नाही. मग उठली आणि डोळे न पुसताच माझ्यापुढं तळहात पसरला. मला कळलं. मी आतल्या खिशातून पुडी आणि चुन्याची डबी काढून दिली. ती तिनं देवीच्या पुढ्यात ठेवली. गुरव धावत आला, आजी, असलं देवीला चालत नाही म्हणाला आणि दोन्ही वस्तू लगबगीनं उचलून बाजूला निर्माल्याच्या बुट्टीत टाकल्या.

"लई वरसांनी आलासा," मग तो आक्काला म्हणाला. "गुडगं गेल्यालं न्हवं तुमचं? कुनी आणलं वर?"

आक्कानं दाजींकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि घंटा वाजवता वाजवता म्हणाली, "ह्याच्या तंबाखूनं आणलं बाबा."

उतरताना मी सहज मागं वळून बघितलं. गुरव देवळामागच्या दगडावर बसला होता आणि त्याचा उजवा अंगठा डाव्या तळव्यावर निवांत फिरत होता. माझीच पुडी. चांगली होती ती.

टेम्पोत बसल्यावर श्वेतानं दोन्ही घड्याळं तपासली. माझे मजले एक, कारण माझेही हात ताट-चपलांत अडकलेले. दाजींचे शून्य. आक्काच्या पायांना धरून दोन्ही हात मागं बांधलेले, त्यामुळे एवढा डोंगर चढून गेलेला माणूस घड्याळाच्या मते दिवसभर एका जागी बसून होता! दाजींनी घड्याळ कानाला लावून बघितलं, काढलं आणि खिशात टाकलं. पुढच्या माघातली खेप त्यांनी आताच कबूल केली आहे, आणि चपला मीच न्यायच्या हेही ठरलं आहे.

त्या दिवसापासून मी तंबाखू सोडली ती सोडली. घाटातसुद्धा. दम कमी झाला, भूक वाढली, शेजारच्या इमारतीचे तीन मजले मी आता बाकावर न बसता चढतो. गेल्या महिन्यात मोठ्या ऐटीत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी श्वेतानं पाठवलेला सहा महिन्यांचा घड्याळाचा तक्ता उघडला, त्यावर बोट फिरवलं आणि चष्मा काढला. "माघापर्यंत रोज छत्तीस मजले चढत होता," ते म्हणाले, "आणि आता तीन? असं काय घडलं हो, एकदम इतकं दुर्लक्ष करायला?"

मंगल शेजारी बसली होती. तिनं खिडकीबाहेर बघितलं. मी मान खाली घालून बोलणी खाल्ली, कारण तंबाखू सोडल्यापासून माझी तब्येत, निदान कागदोपत्री, फारच ढासळलेली आहे.